थिऑसॉफी हे नक्की काय प्रकरण आहे, पुण्यात बसून कसं वाचून काढायचं

थिऑसॉफी हा शब्द आपण शाळेत एकदाच ऐकलेला असतो, ॲनी बेझंट, होमरूल, शेजारी थिऑसॉफिकल सोसायटी असं काहीतरी, दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. मग कधीतरी कृष्णमूर्ती वाचायला घेतो, किंवा कुणीतरी सात चक्रांचा रंगीत तक्ता ग्रुपवर टाकतं, किंवा मोंड्रियान या चित्रकाराच्या चौकोनांवरचा व्हिडिओ बघत असतो आणि परत तेच नाव समोर येतं, आणि मग डोक्यात येतं की ही मंडळी इतक्या ठिकाणी घुसली तरी कशी. थोडक्यात, सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे असं सांगणारी ही चळवळ. ज्यांना तिचं भक्तही व्हायचं नाहीये आणि नुसती टवाळीही करायची नाहीये, फक्त नीट समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या सीक्रेट डॉक्ट्रिनची पीडीएफ उघडू नका. 1888 मध्ये आलेले दोन जाडजूड खंड आहेत, ते 'दझ्यानचे श्लोक' नावाच्या एका प्राचीन हस्तलिखितावर आधारलेत असं लेखिका म्हणते आणि ते हस्तलिखित आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. पन्नास पानांत गळपटाल आणि विषयच सोडून द्याल. तत्त्वज्ञान हवंच असेल तर त्याच बाईंचं 1889 चं की टू थिऑसॉफी घ्या, प्रश्नोत्तरात आहे, निदान कळतं तरी. पण तेही नंतर. माझं म्हणणं असं की थिऑसॉफी आधी माणसांच्या मागे जाऊन वाचायची, कोण कुठे उतरलं, कुणाशी पटलं, कुणाशी फाटलं. सिद्धांत मग आपोआप जागेवर बसतात.

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात कागदोपत्री सापडतं ते, म्हणजे तारखा, पत्रं, सभांचे अहवाल, छापील अंक. दुसऱ्यात सोसायटीचे लोक स्वतःबद्दल सांगतात ते. तिसऱ्यात मागाहून लोकांनी चिकटवलेलं. या विषयात हे तिन्ही इतकं एकमेकांत कालवलंय की वही नसेल तर महिन्याभरात तुम्हीही लोकांना हिमालयातल्या महात्म्यांच्या, म्हणजे सोसायटीच्या गुप्त गुरूंच्या, गोष्टी सांगायला लागाल, किंवा उलटं, सगळा फ्रॉड होता म्हणून मोकळे व्हाल. दोन्हीत मजा नाही.

सुरुवातीचा अमेरिकेतला भाग पटकन उरका. 1848 पासून तिकडे मेलेल्यांशी बोलण्याचं, टेबलावर टकटक ऐकण्याचं वेड पसरलेलं. 1874 मध्ये व्हरमाँटमधल्या चिटेंडन गावच्या एका शेतघरात आत्मे दिसतात अशी बोंब झाली, तिथे पेपरसाठी लिहायला गेलेला हेन्री स्टील ऑल्कॉट आणि तिथेच आलेल्या हेलेना पेत्रोव्हना ब्लाव्हाट्स्की यांची गाठ पडली. ऑल्कॉट वकील, शेतीवर लिहिणारा पत्रकार, सिव्हिल वॉरनंतर लिंकनच्या खुनाच्या तपासातही काम केलेला, म्हणजे अगदीच भोळा भाबडा नव्हता हे लक्षात ठेवा. ब्लाव्हाट्स्कीबाई 1831 च्या, जन्म आजच्या युक्रेनमधला, खानदानी घरातल्या, सिगरेटवर सिगरेट ओढणाऱ्या, जगभर फिरून आलेल्या, आणि त्या नक्की कुठेकुठे गेलेल्या हा प्रश्न आजही दुसऱ्या रकान्यातलाच आहे. हे दोघं, विल्यम क्वान जज आणि आणखी काही जण मिळून न्यूयॉर्कमध्ये सोसायटी निघाली, ऑल्कॉटचं उद्घाटनाचं भाषण 17 नोव्हेंबर 1875 चं. डार्विनने चर्चच्या उत्पत्तीकथेला धक्का दिलेला, नुसता जडवाद लोकांना कोरडा वाटत होता, तेव्हा सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे आणि ते विज्ञानाच्या आड येत नाही असं कुणी ठासून सांगितलं की लोक ऐकणारच. 1877 चं आयसिस अनव्हेल्ड हे पुस्तक यावरच होतं. त्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतले उतारे न सांगता उचललेत असा आरोप पुढे झाला, तोही वहीत टिपून ठेवा.

आता मुंबईला या, कारण खरी गंमत इथून सुरू होते. फेब्रुवारी 1879 मध्ये हे दोघं बोटीने मुंबईत आले आणि ऑल्कॉटने अपोलो बंदरावर उतरल्या उतरल्या खाली वाकून दगडी पायरीचं चुंबन घेतलं, हे त्यानेच आठवणींत लिहिलंय. बोलावणं आर्य समाजाकडून. न्यूयॉर्कहून पत्रव्यवहार हरिश्चंद्र चिंतामण या गृहस्थांशी, ते मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष. त्यांनी गिरगावात घर बघून दिलं, स्वागताचा समारंभ केला, हार वगैरे, आणि मग थोड्याच दिवसांत या पाहुण्यांच्या हातात बिल ठेवलं ज्यात घरभाडं होतं, जेवण होतं, डागडुजी होती, समारंभाला आणलेल्या खुर्च्यांचं भाडं होतं, आणि कहर म्हणजे लवकर या म्हणून जी तार केली होती तिचेही पैसे लावलेले. वाचताना हसू येतंच, पण थांबा, ही हकीकत कुणाची? ऑल्कॉटची. म्हणजे दुसरा रकाना. त्याला चिंतामणांवर राग होता आणि लिहितोय कित्येक वर्षांनी. बिल दिलं गेलं असेल यात मला शंका वाटत नाही, पण चिंतामणांची बाजू त्याच्या पुस्तकात नाही तेवढी शेजारी खूण करून ठेवायची. वही अशी भरायची असते.

दयानंद सरस्वतींशी जुळलं का आणि तुटलं का हे पुणेकराला लवकर समजेल, कारण दयानंद 1875 च्या उन्हाळ्यानंतर पुण्यात होते, न्यायमूर्ती रानडे वगैरेंच्या पुढाकाराने इथे त्यांची पंधरा व्याख्यानं झाली आणि त्यांच्या मिरवणुकीत विरोधकांनी राडाही केला. ती व्याख्यानं आधी वाचा. वेदच प्रमाण, बाकीचे ग्रंथ मागाहूनचे, एवढं स्पष्ट बोलणारा माणूस आणि दुसरीकडे सगळे धर्म मुळात एकच म्हणणारी ही जोडी, शिवाय 1880 मध्ये दोघांनी सिलोनमध्ये गॉलला जाऊन उघडपणे बौद्ध पंचशील घेतलं. हा संसार टिकणार कसा? 1882 मध्ये फाटलं, दयानंदांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली.

द थिऑसॉफिस्ट मासिकाचा ऑक्टोबर 1879 चा पहिला अंक मात्र नक्की काढून बघा. स्कॅन ऑनलाइन मिळतात. मुंबईतूनच निघालेला अंक, आणि त्यात खुद्द दयानंदांचं आत्मचरित्र क्रमशः सुरू झालेलं आहे. मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा या जुन्या अंकांनी जास्त समजावलं, कारण तिथे योग, पारशी धर्म, संस्कृत, संमोहन, भुतं आणि वर्गणीचे दर हे सगळं एकाच दमात येतं, आणि लेख लिहिणारे बरेच जण आपलेच.

आपलेच म्हणजे कोण ते बघा. लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख, पुण्याचेच, शतपत्रांवाले, त्यांचं नाव आर्य समाजाच्या कामात सापडतं आणि थिऑसॉफीच्याही. दामोदर मावळणकर हा मराठी ब्राह्मण घरातला तरुण सगळं सोडून या दोघांबरोबर राहिला आणि 1885 मध्ये दार्जिलिंगकडून तिबेटच्या दिशेने गेला तो परत आलाच नाही. आणि तुकाराम तात्या पडवळ. हे नाव दोनदा अधोरेखित करा. यांनी 'जातिभेद विवेकसार' लिहिलं, त्याची दुसरी आवृत्ती 1865 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी काढली, आणि हेच तात्या पुढे मुंबईत थिऑसॉफीचे खांब झाले, संस्कृत ग्रंथ आणि तुकारामांची गाथा छापली. फुल्यांच्या वर्तुळातला माणूस थिऑसॉफीकडे का वळला असेल? सोसायटीच्या पहिल्याच उद्देशात वंश, पंथ, लिंग, जात, वर्ण असा कुठलाही भेद न करता विश्वबंधुत्व असं लिहिलंय, आणि जातिभेदाविरुद्ध पुस्तक लिहिलेल्याला ते जवळचं वाटलं असणार असा माझा अंदाज. अंदाज आहे, रकान्याबाहेर.

पुण्याची शाखाही लवकरच निघाली. इथले पुढारी म्हणजे न्यायाधीश नवरोजी खंडालावाला, पारशी. आणि दुसरे ए. डी. इझिकेल, बगदादी ज्यू. या इझिकेलनी 1880 च्या दशकात पुण्यात हिब्रू लिपीचा छोटा छापखाना टाकून ज्यूंच्या गूढविद्येतला, म्हणजे कबालातला मजकूर अरबीत भाषांतर करून छापला, ज्यावरून थेट बगदादच्या धर्मगुरूंपर्यंत वाद गेला. कॅम्पात लाल देवळासमोरून, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगसमोरून, आपण हजारदा गेलोय, पण तिथल्या समाजातला एक माणूस थिऑसॉफीच्या नादाने हा उद्योग करून बसला होता हे डोक्यातही येत नाही. थिऑसॉफीने हे काम सगळीकडे केलं, बाहेरच्याने येऊन सांगितलं की तुमच्या धर्माच्या पोटात खजिना आहे, आणि माणूस आपलीच जुनी पोथी उघडून बसला. गांधींचं तेच झालं. 1889 च्या सुमारास लंडनमध्ये दोन थिऑसॉफिस्ट त्यांच्याकडे गीता वाचायला आले, आणि गांधींना लाज वाटली की आपण ती ना संस्कृतात वाचलीये ना गुजरातीत. आत्मकथेत आहे, की टू थिऑसॉफीचाही उल्लेख तिथेच आहे.

भानगडीचा भाग टाळू नका. 1882 च्या अखेरीस मुख्यालय मद्रासला अड्यारला गेलं. तिथे महात्म्यांची पत्रं एका कपाटात आपोआप येतात असं सांगितलं जायचं. घरात काम करणाऱ्या एम्मा कूलोम बाई आणि त्यांचे नवरे 1884 मध्ये फुटले आणि त्यांनी ब्लाव्हाट्स्कीबाईंची म्हणून पत्रं मिशनऱ्यांच्या मासिकाला दिली ज्यात या चमत्कारांची तयारी कशी करायची ते होतं. लंडनच्या मानसिक संशोधन सोसायटीने रिचर्ड हॉजसनला चौकशीला पाठवलं, त्याचा अहवाल डिसेंबर 1885 चा, निष्कर्ष सरळ, बाई लबाड आहेत. शंभर वर्षांनी, 1986 मध्ये त्याच संस्थेच्या जर्नलमध्ये व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने लिहिलं की हॉजसनचं काम एकतर्फी होतं आणि त्याने आरोप सिद्ध केलेला नाही. दोन्ही वाचा, आणि एक लक्षात घ्या, हॅरिसनने अहवाल पाडला म्हणजे चमत्कार खरे ठरले असं होत नाही. सोसायटीवाले हमखास इथे उडी मारतात. मला स्वतःला कूलोम बाईंवरही भरवसा वाटत नाही आणि कपाटावर तर त्याहून नाही.

आता एक दावा तपासून दाखवतो, म्हणजे पद्धत हाताला बसेल. फॉरवर्ड येतो की 'काँग्रेस थिऑसॉफिस्टांनी स्थापन केली'. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला ॲलन ह्यूम थिऑसॉफिस्ट होता का? होता, 1881 मध्ये सिमल्याच्या शाखेचा अध्यक्ष होता, पहिला रकाना. 1885 मध्येही होता का? तोपर्यंत त्याचं ब्लाव्हाट्स्कीबाईंशी बिनसून तो बाजूला झालेला. मग गोष्ट आली कुठून? डिसेंबर 1884 च्या अड्यार अधिवेशनानंतर मद्रासमध्ये सतरा जण बसले आणि तिथे कल्पना ठरली असं ॲनी बेझंट यांनी 1915 च्या पुस्तकात लिहिलं, म्हणजे तीस वर्षांनी, सोसायटीच्या अध्यक्ष असताना. दुसरा रकाना. शिवाय पुण्यात सार्वजनिक सभा 1870 पासून उभी होती आणि पहिलं अधिवेशन तिच्याच यजमानपदाखाली पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत व्हायचं ठरलेलं, पटकीच्या साथीमुळे ऐनवेळी मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात गेलं. सभेची ही माणसं काही सगळी थिऑसॉफीतून आलेली नव्हती. मग उत्तर काय लिहायचं, तर दूरदूरच्या शहरांतल्या शिकलेल्या लोकांची वर्षातून एकदा भेट घडवायची सवय अड्यारच्या अधिवेशनांनी काही जणांना लावली, एवढं खरं. त्यापुढे जाणारे वाक्य तिसऱ्या रकान्यात.

बेझंटबाईंचं राजकारण वाचताना केसरीची बाजू शेजारी ठेवा. 1893 मध्ये त्या इथे आल्या, 1898 मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढलं, 1907 पासून सोसायटीच्या अध्यक्ष. 1916 मध्ये एप्रिलमध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावला निघाली आणि सप्टेंबरमध्ये बाईंची, टिळकांकडे मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत, वऱ्हाड आणि उरलेलं बाईंकडे. दोन लीग कशाला, तर टिळकांच्या काही लोकांना बाई नको आणि बाईंच्या काही लोकांना टिळक नको, दोघांचं आपसात भांडण नाही, असं बाईंनीच सांगितलेलं. सोसायटीच्या शाखांचं तयार जाळं होतं म्हणून त्यांची लीग इतक्या झपाट्याने पसरली. जून 1917 मध्ये बाईंना सरकारने स्थानबद्ध केलं, त्यांच्याबरोबर सोसायटीतलेच जॉर्ज अरुंडेल आणि बी. पी. वाडिया, आणि त्याच वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. गांधींचा सत्याग्रह त्यांना पटला नाही आणि मग त्या मागे पडल्या. वाडियांना मात्र विसरू नका, 1918 ची मद्रास लेबर युनियन त्यांची.

प्रभाव शोधताना सगळ्यात उपयोगी प्रश्न हा, की थिऑसॉफीची माणसं त्या खोलीत होती का. 1927 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष, आणि ते घडवून आणणाऱ्या मार्गारेट कझिन्स आयर्लंडच्या थिऑसॉफिस्ट. त्यांनीच 1919 मध्ये मदनपल्लीला टागोरांकडून ऐकून 'जन गण मन'ची चाल लिहून घेतली. मारिया माँटेसरी 1939 मध्ये अरुंडेल दांपत्याच्या बोलावण्यावरून अड्यारला आल्या, युद्धामुळे अडकल्या आणि 1946 पर्यंत भारतातच शिक्षक तयार करत बसल्या, आज गल्लोगल्ली पाटी दिसते तिच्या मागे हेही आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये कलाक्षेत्र काढलं आणि देवदासींचं नृत्य भरतनाट्यम म्हणून ब्राह्मण घरांत नेलं, त्यात काय मिळालं आणि ज्यांचं होतं त्यांच्या हातून काय गेलं यावर वेगळं वाचा, ते महत्त्वाचंय. सिलोनमध्ये ऑल्कॉटने 1881 मध्ये बौद्धांची प्रश्नोत्तरी लिहिली, शाळा काढल्या, तिकडे त्याला आजही मानतात. युरोपात चित्रकार कँडिन्स्कीने कलेतल्या अध्यात्मावरच्या पुस्तकात ब्लाव्हाट्स्कीचं नाव घेतलंय, मोंड्रियान 1909 मध्ये सदस्य झाला, कवी येट्सही होता. रुडॉल्फ स्टायनर जर्मन शाखेचा प्रमुख होता, भांडून बाहेर पडला आणि त्याच्यापासून वॉल्डॉर्फ शाळा आणि बायोडायनॅमिक शेती आली.

आणि तो चक्रांचा तक्ता. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असा इंद्रधनुष्याच्या क्रमातला तक्ता 'पाच हजार वर्षं जुना' म्हणून फिरतो. सोळाव्या शतकातलं षट्चक्रनिरूपण काढा, तिथे मणिपूराच्या दहा पाकळ्या पावसाळी ढगाच्या रंगाच्या आहेत, तक्त्यात पिवळं. अनाहताच्या पाकळ्या दुपारीच्या फुलासारख्या लाल, तक्त्यात हिरवं. मधल्या टप्प्यावर लेडबीटर हा थिऑसॉफिस्ट, 1927 चं चक्रांवरचं पुस्तक, त्याने 'दिसलेलं' लिहिलं आणि स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेजवळचं चक्र टाकलं. त्याचेही रंग आजच्या तक्त्याशी जुळत नाहीत, इंद्रधनुष्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेत पक्कं झालं आणि योगा क्लासमधून आपल्याकडे परत आलं. ऑरा, ॲस्ट्रल बॉडी हे शब्दही याच वाटेने फिरून आलेत.

माणसांचे वंश एकामागून एक आले असं सांगणारा मूळ वंशांचा सिद्धांत, म्हणजे लेमुरिया, अटलांटिस, पाचवा आर्य वंश, हे वाचताना फार सावध राहा. बंधुत्वाचा उद्देश एकीकडे आणि वंशांची उतरंड दुसरीकडे, दोन्ही एकाच कपाटात. जर्मनी-ऑस्ट्रियात काही वंशवादी लेखकांनी यातूनच माल उचलला. सोसायटीने सांगितलं म्हणून नाझी झाले असं नव्हे, पण सोसायटीच्या पुस्तकात ते नव्हतंच असंही कुणी म्हणू नये.

कृष्णमूर्ती शेवटी घ्या. 1909 मध्ये लेडबीटरने अड्यारच्या किनाऱ्यावर हेरलेला मुलगा, त्याला जगद्गुरू ठरवून 1911 मध्ये ऑर्डर ऑफ द स्टार नावाची संघटना, आणि 3 ऑगस्ट 1929 ला हॉलंडमध्ये ओमेनला बेझंटबाई समोर बसलेल्या असताना त्याच मुलाने ती ऑर्डर मोडीत काढली. एवढा मागचा पसारा माहीत असला की 'सत्याला वाट नसते' हे वाक्य कुणाला उद्देशून होतं ते कळतं. राजगुरुनगरजवळची सह्याद्री शाळा त्यांच्याच फाउंडेशनची.

शोधायच्या दोन युक्त्या. जुन्या इंग्रजी अंकांत 'पुणे' टाकून काही मिळणार नाही, 'पूना' टाका, आणि तुकारामाचं स्पेलिंग दोन ओ घालून करा, खंडालावालाही दोन-तीन तऱ्हेने लिहिलेला सापडेल. जुन्या मराठी पुस्तकांत थिऑसॉफीऐवजी 'ब्रह्मविद्या' असतं, त्या नावाखाली बघा. आणि केसरीवाड्यातल्या ग्रंथालयात गेलात तर 1916 पासून सुरू करू नका, फार पसारा आहे, आधी जून 1917 च्या स्थानबद्धतेनंतरचे अंक मागा, तिथून मागेही जाता येतं आणि पुढेही.